आधी झाड ओळखा, किडा आपोआप सापडतो: गोव्यात नव्याने बघायला लागलेल्यांसाठी

पाऊस ओसरला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी झाली की गोव्यात फुलपाखरांचे फोटो काढणारे एकदम वाढतात आणि मग प्रश्न ठरलेला असतो, कुठे जाऊ, मोलेच्या अभयारण्यात जाऊ की बोंडल्याच्या. माझं उत्तर नेहमी एकच, आधी घरामागच्या परसात जा. आणि तिथे किडा शोधू नका, झाड शोधा. किडा उडून जातो पण झाड कुठे जात नाही, आणि बहुतेक किड्यांचं आयुष्य एका ठराविक झाडाला किंवा दोन-चार झाडांच्या कुळाला बांधलेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं ना की मग शोधाशोध फार कमी होते. खाली मी जसं लोकांना शिकवते तशाच पायऱ्या लिहिते आहे, घाईने पुढे जाऊ नका, पहिल्या दोन पायऱ्यांतच महिनाभर सहज जातो आणि जाऊ द्या.

पायरी १: कढीपत्ता किंवा लिंबू, दोन्हीपैकी जे असेल ते

गोव्यात ज्याच्या दारात कढीपत्ता नाही असं घर विरळा. सकाळी ऊन जरा चढलं की झाडापाशी उभे राहा आणि कोवळी पालवी बघा, जुनी जाड पानं सोडून द्या. कोवळ्या पानावर किंवा देठाजवळ खसखशीच्या दाण्याहून थोडं मोठं, फिकट पिवळं, गोल, एकेकटं अंडं दिसलं तर ते लाइम बटरफ्लायचं किंवा कॉमन मॉर्मनचं असायची शक्यता खूप. मादी अंडं घालायच्या आधी पानावर पुढच्या पायांनी टकटक करते ती बघण्यासारखी असते, कारण तिच्या पायांत चव कळणारे अवयव असतात, पान बरोबर आहे का हे ती पायांनीच चाखून ठरवते. म्हणजे पानातल्या रसायनांवरून ती झाड ओळखते. लिंबू, तोरिंग, बेल, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली, म्हणून या फुलपाखरांना ती सगळी चालतात आणि शेजारचा आंबा किंवा पेरू अजिबात चालत नाही.

लहान अळी काळपट-पांढरी असते, पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी, नवीन माणूस हमखास ती सोडून पुढे जातो. मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने अगदी हलकेच टोचलंत तर डोक्यामागून लालसर-केशरी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो, शत्रूला पळवायचा तिचा तो उपाय. एकदाच करून बघा, परत परत त्रास देऊ नका. अंड्यापासून फुलपाखरू उडेपर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत थोडं जास्त.

याच कुळात ब्लू मॉर्मन पण येतं, जे महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू केलं. गोव्यात कुळागरांमधून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांमधून, ते भरपूर दिसतं, काळं-निळं, मोठं, ओलसर वाटेवर बसलेलं. त्याची अळी लिंबाच्या झाडांवर आणि रानातल्या माकडलिंबावर वाढते. ज्या कुळागराच्या कडेचं रान साफ करून टाकलंय तिथे ते कमी दिसायला लागतं असा माझा अनुभव.

पायरी २: मध कोण देतो आणि पान कोण देतो, हे वेगळं करा

इथे सगळे अडकतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते. फुलावर बसलेलं फुलपाखरू दिसलं की आपण लिहून ठेवतो की हे झाड त्या फुलपाखराचं. तसं नसतं. मोठं झालेलं फुलपाखरू मधासाठी कुठल्याही फुलावर जाईल, घाणेरीवर जाईल, नर्सरीतून आणलेल्या पेंटासवर जाईल, पण अळीला पान लागतं आणि ते पान ठरलेलं असतं. घाणेरी परदेशातून आलेली, तिच्यावर फुलपाखरांची झुंबड असते हे खरंच, पण त्यांच्या अळ्या तिच्यावर वाढत नाहीत आणि घाणेरी जिथे माजते तिथे खालचं देशी रोपटं उगवू देत नाही, म्हणजे मोठ्यांना खाऊ घालते आणि पिल्लांचं ताट काढून घेते. म्हणून वहीत दोन रकाने करा, एक मधाचा, दुसरा पानाचा. दुसऱ्या रकान्यात तेव्हाच लिहायचं जेव्हा मादीला अंडं घालताना बघितलंय किंवा अळीला खाताना बघितलंय. फुलपाखरू नुसतं पानावर बसलं होतं, हे धरायचं नाही.

आणि एक, मधाच्या पलीकडेही काही झाडं हवी असतात. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या मांडवाला, आपण घागऱ्या बांधतो ना, खुळखुळ वाजणाऱ्या शेंगा, त्या झाडाच्या वाळलेल्या फांद्या-शेंगांवर टायगर आणि क्रो जातीची फुलपाखरं गोळा झालेली दिसतील, बहुतेक सगळे नर. ते तिथे खायला येत नाहीत, त्या झाडातलं एक कडू रसायन शोषायला येतात, मादीला बोलवायचा वास त्यापासून तयार होतो आणि अंगात विषारीपणाही येतो. चवथीआधी रानात माटोळीचं सामान आणायला जाता तेव्हा पाच मिनिटं तिथे थांबा, एवढंच सांगणं आहे.

पायरी ३: रस्त्याकडेची आणि वाड्यातली झाडं फिरून बघा

आता परसातून बाहेर या. मी सांगते ती सगळी झाडं वाळपई, फोंडा, डिचोली, काणकोण कुठेही चालत सापडतात.

रुई. किनाऱ्याजवळ, रेल्वेच्या कडेला, पडीक जागेत. पानाखाली काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, तो प्लेन टायगर, मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. कडवा का, तर रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, ते फुलपाखरात उतरतं आणि एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून ते एवढं भडक केशरी असूनही निवांत, संथ उडतं. आणि डॅनेड एगफ्लाय म्हणून दुसरं एक फुलपाखरू आहे, त्याची मादी अगदी याच्यासारखी दिसते, पण तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते, विषाचा पत्ताच नाही, नुसत्या सारखेपणावर वाचते. रुईच्या कोवळ्या शेंड्याला पिवळाधमक मावा असतो तोही बघा, त्यामागे मुंग्या आणि लेडीबर्ड येतात, एका झाडावर अर्धा तास आरामात जातो. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लागला तर आधी धुवा.

आंब्यावरचं बांडगूळ. आंब्याच्या फांदीवर वेगळीच पानं दिसली तर ते. त्याच्यावर कॉमन जेझबेल, आपलं हळदीकुंकू. याच्या अळ्या एकट्या नसतात, घोळक्याने राहतात. बागायतदार बांडगूळ कापतात आणि कापायलाच पाहिजे, ते झाडाचा रस ओढतं, पण बागेच्या कडेच्या एखाद्या जुन्या झाडावर एक झुबका राहू द्यावा असं मला वाटतं, त्याने बाग बुडत नाही आणि हळदीकुंकू राहतं.

तगर आणि कण्हेर. देवळाच्या आवारात दोन्ही असतातच. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी, पुढच्या बाजूला दोन निळे डोळे आणि शेपटीला छोटं शिंग, ती ओलिएंडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची. डोळे खोटे असतात, घाबरवायला. कण्हेरीवर कॉमन क्रो, मराठीत हबशी, त्याचा कोष चकचकीत, आरशासारखा, पहिल्यांदा बघणारा माणूस हातात घेतल्याशिवाय राहत नाही, तर घेऊ नका. वडासारख्या चिकाच्या झाडावर हबशीची अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच अडतो, मग पुढचं पान आरामात खाते.

टाकळा, म्हणजे आपला तायकिळा. पहिल्या पावसात आपण भाजी करतो, नंतर निबर झाला की एमिग्रंट आणि ग्रास यलो ही फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. बहाव्यावरही एमिग्रंट येतं.

सापसण, काही लोक ईश्वरी म्हणतात, ही वेल. हिच्यावर क्रिमसन रोज, कॉमन रोज आणि सदर्न बर्डविंग, जे भारतातल्या सगळ्यात मोठ्या फुलपाखरांपैकी एक, पंख पसरले की १४ ते १९ सेंटीमीटर. तिघांच्याही अंगात वेलीचं विष. आणि इथे पहिल्या पायरीतलं कॉमन मॉर्मन परत येतं, त्याच्या माद्यांची दोन रूपं हुबेहूब या रोज फुलपाखरांची नक्कल करतात. ओळखायचं कसं, तर अंग बघा, खऱ्या रोजचं अंग लाल, नकली मॉर्मनचं काळं. औषधासाठी ही वेल मुळासकट उपटतात, वेल गेली की ही तिन्ही त्या भागातून जातात, दुसरं काही ती खात नाहीत म्हटलं तरी चालेल.

पायरी ४: काजूच्या बागेत मुंग्यांकडे बघा

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणला, म्हणजे इथला नव्हे, पण इथल्या किड्यांनी त्याला आपलं करून घेतलंय. काजूच्या पानावर, आंब्याच्या पण, मधल्या शिरेवर सपाट पडलेली हिरवी, दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे असलेली अळी असते, कॉमन बॅरन फुलपाखराची. शिरेवर अशी बसते की पानाची शीरच वाटते, पान उन्हाकडे धरून सावली बघितली की चटकन दिसते.

पण काजूत खरं बघायचं ते हुमले. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या. कामकरी मुंग्या पानांच्या कडा धरून ओढतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून इकडून तिकडे फिरवतात, अळीच्या तोंडातून रेशीम निघतं त्याने पानं शिवली जातात. काजूला ढेकण्या म्हणजे टी मॉस्किटो बग लागतो, कोवळी पालवी आणि मोहोर शोषतो, मोहोर करपतो. ज्या झाडावर हुमल्यांची भक्कम वस्ती आहे तिथे ढेकण्याला ते टिकू देत नाहीत. बोंडू म्हणजे काजूची फळं काढताना चावतात म्हणून लोक घरटी जाळतात आणि नंतर ढेकण्यासाठी फवारणी करतात, याचा एकदा शांतपणे विचार करावा. मात्र हुमले सगळंच चांगलं करतात असंही नाही, मिलीबगसारख्या रस शोषणाऱ्या किड्यांना ते गोड रसासाठी पाळतात, राखतात. झाडाचं नफा-नुकसान दोन्ही आहे, माझ्या मते काजूत तरी नफा जास्त.

याच मुंग्यांच्या आश्रयाला काही फुलपाखरांच्या अळ्या राहतात. सेंटॉर ओकब्लू नावाचं निळं फुलपाखरू, त्याची अळी माट्टीच्या झाडावर असते, अंगातून गोड थेंब देते आणि हुमले तिला राखतात. माट्टी म्हणजे गोव्याचं राज्यवृक्ष, ऐन किंवा आसन म्हणतात तेच. त्याचं पान उलटं करा, देठाकडे मधल्या शिरेपाशी दोन छोट्या गाठी दिसतील, त्यातून गोड रस पाझरतो, फुलाशी संबंध नाही, मुंग्यांना बोलवायला. टसर रेशमाची अळीसुद्धा याच झाडावर वाढते. एका झाडावर इतकं सगळं, म्हणून माट्टी दिसली की मी पुढे जात नाही.

काजूच्या बागेत फिरायचं तर माकडतापाबद्दल सांगितलं पाहिजे. सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये या तापाचे पेशंट आढळले, तो गोचिडीतून पसरतो आणि काजूच्या हंगामात, म्हणजे कोरड्या महिन्यांत, धोका जास्त. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, वाळलेल्या पाल्यावर बसायचं नाही, घरी आलं की कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

पायरी ५: एक रुमड कापून बघा

उंबराला गोव्यात रुमड म्हणतात. झाडाला फूल दिसत नाही असं सगळे म्हणतात कारण फुलं त्या फळाच्या आत असतात, शेकड्यांनी. अर्धवट पिकलेलं फळ पांढऱ्या कागदावर कापा, आत मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या माश्या वळवळताना दिसतील. ही रुमडाची स्वतःची गांधीलमाशी. वड, पिंपळ, नांदरुक, प्रत्येकाची वेगळी. मादी फळाच्या टोकाच्या अरुंद छिद्रातून आत घुसते, घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात, आत परागकण टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी, ते आतच मीलन करतात, बाहेर पडायला भोक पाडतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून बाहेर, एक-दोन दिवसांत दुसरं झाड गाठायचं, नाहीतर सगळं फुकट. त्यामुळे आसपास अशी बरीच झाडं असावी लागतात, ज्यांच्यावर वेगवेगळ्या वेळी फळ येतं. रस्ता रुंद करताना एक वड गेला तर काय बिघडलं असं विचारणाऱ्याला मी हेच सांगते, आणि पुढे हेही की त्या फळांवर धनेश जगतात, वटवाघळं जगतात.

नातं तुटलं की काय होतं हे बघायचं तर कुळागरातली व्हॅनिला बघा. तिचं फूल फळवणाऱ्या मधमाश्या तिच्या मूळ देशात, मेक्सिकोकडे. इथे त्या नाहीत, म्हणून प्रत्येक फूल सकाळी माणसाने काडीने फळवावं लागतं. ही युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. एका मधमाशीचं काम माणसाने करायचं ठरवलं तर किती मजुरी पडते ते व्हॅनिला लावलेल्या कुणालाही विचारा. आंब्याच्या मोहोराचं काम मुख्यतः माश्या करतात, साध्या माश्या, ज्यांना आपण हाकलतो, म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळा. वांग्याच्या फुलावर भुंगा अंग थरथरवून पराग पाडतो, त्याचा आवाज लक्ष देऊन ऐका, बसल्यावर एकदम बदलतो. पपईच्या फुलांवर अंधार पडताना हॉकमॉथ येतात.

पायरी ६: पावसात सड्यावर

जून ते सप्टेंबर जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या सपाट माळांवर जा, चप्पल घालून नको, शेवाळावर पाय घसरतो. इथे उलटा कारभार आहे, झाडं किडे खातात. मातीचा थर बोटभर, त्यात नायट्रोजन नाहीसारखा, मग तो कुठून आणायचा, तर किड्यातून. दवबिंदू नावाचं बारीक लालसर रोप, पानांवर चिकट थेंब, त्यात चिलट अडकतं. सीतेची आसवं, जांभळी-निळी फुलं, त्यांचे सापळे खाली पाण्यात-चिखलात असतात, बारीक फुग्यांसारखे, आणि फुलं वर देठावर, म्हणजे वर येणाऱ्या माशीकडून पराग नेऊन घ्यायचे आणि खाली दुसऱ्या जीवाला गिळायचं. खाली वाकून भिंगातून बघा आणि पाऊल कुठे ठेवतो ते बघा, बऱ्याच जागी पाय पडला तर वर्षभराचं सगळं गेलं. सड्याला पडीक जमीन म्हणतात याचा मला मनापासून राग येतो.

रानात जायचंच असेल तर आता जा. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे, रानटी जायफळांची दलदल, देवाची म्हणून राखलेली. तिथे मलबार ट्री निम्फ दिसायची शक्यता असते, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, हवेत तरंगत राहतं. फक्त पश्चिम घाटातलं. देवराईत गावच्या लोकांना विचारून जा, पान तोडू नका. अभयारण्यात तर काहीच उचलायचं नाही, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अळी घरी वाढवायला आणणं हेही त्यात येतं.

पायरी ७: नोंद कशी ठेवायची

मोबाईलने चार फोटो, किडा, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि पूर्ण झाड. नवीन लोक फक्त किड्याचा काढतात आणि मग ओळख पटत नाही, अळी तर झाडावरूनच ओळखली जाते. तारीख, गाव, किडा काय करत होता. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, नाव माहीत नसलं तरी टाका, लोक सांगतात. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो आणि जुलैच्या शेवटी मॉथ वीक, त्या वेळी मदत करणारे जास्त. झाडाचं गावठी नाव लिहाच, आजीला विचारून लिहा, कारण पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत तीच नावं लागतात.

पायरी ८: मग लावा

आता झाडं लावा, आधी नाही, कारण आता तुम्हाला माहीत आहे की तुमच्या वाड्यात काय उडतं. फ्लॅट असेल तर कुंडीत कढीपत्ता आणि लिंबू पुरे. जागा असेल तर सोनचाफा किंवा सीताफळ, त्यांच्यावर टेल्ड जे फुलपाखरू येतं, बहावा, एरंड कोपऱ्यात एखादा, आणि कुठे सापसणीचं बी मिळालं तर कुंपणाला. कीटकनाशक एकदाही नाही, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही, ते अळीला तितकंच लागतं. पाला जाळू नका, कोपऱ्यात साठवा. केसाळ सुरवंट मात्र हाताने उचलू नका, खाज दिवसभर जात नाही, आणि घोणस अळी असेल तर जळजळ फार होते.

पहिली अळी आली की घरातलं कोणीतरी झाड खाल्लं म्हणून ओरडेल. मोठ्या कढीपत्त्याला काही होत नाही, पंधरा दिवसांत नवीन पालवी फुटते. पण रोप गुडघ्याएवढंच असेल आणि अळ्या पाच-सहा असतील तर ते पूर्ण उघडं पडेल, मग पानासकट अळी उचलून शेजारच्या मोठ्या लिंबावर ठेवा, कढीपत्त्यावरची अळी लिंबावर बहुतेक वेळा खायला लागते. अळी खायची थांबून अंग आखडून एका जागी बसली असेल तर ती कात टाकते आहे, त्या दिवशी तिला हलवू नका.